वावरात टांगलेला बॅकअप

माझा भाऊ शेषराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याने चिखलीच्या घरी कॉम्प्युटर आणला. चौतीस वर्षं लोकांना 'उद्या या' सांगण्यात गेलेली. आता घरी कोणी येईना, आणि आलं तरी त्याला 'उद्या या' म्हणता येईना. माणसाची घुसमट होणारच. शेवटी त्याने तालुक्याच्या साप्ताहिकात 'संगणक आणि सावधानता' नावाचं सदर सुरू केलं आणि त्याची तब्येत सुधारली.

सदरात दर महिन्याला एक सल्ला असे. संगणकाजवळ चहा पिऊ नये. अनोळखी माणसाचा पेन ड्राइव्ह लावू नये, तो कुठे कुठे फिरून आलेला असतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवू नये, हे म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणं झालं. हा शेवटचा म्हणजे सल्ला क्रमांक दोन, त्याचा लाडका. मला तर तो पाठच झाला होता, कारण प्रत्येक अंक तो एसटीच्या कंडक्टरबरोबर आमच्या गावी पाठवायचा. आमचं गाव चिखलीपासून नऊ किलोमीटर. गावात तेव्हा कॉम्प्युटर एकच, ग्रामपंचायतीत, तोही खोक्यात. त्या खोक्यावर बसून लोक भाऊचे सल्ले वाचायचे आणि मला म्हणायचे, कोकिळाबाई, तुमचा भाऊ लय हुशार आहे. मी हो म्हणायची. हुशार तो होताच, फक्त त्याचा त्रास दुसऱ्यांना व्हायचा.

त्याच्या घरी कॉम्प्युटरची खोली वेगळी होती. दाराला कुलूप, आतल्या कपाटाला कुलूप, कॉम्प्युटरवर सिंधूवहिनीने शिवलेला झालरीचा झगा आणि झग्यावर टॉवेल. चपला बाहेर काढायच्या. वहिनीला आत फक्त झाडायची परवानगी होती, बटणाला हात लावायचा नाही. एक बटण चुकीचं दाबलं की सगळं जातं, असं तो तिला रोज सांगायचा. कपाटाची किल्ली मात्र कपाटाच्याच बाजूच्या खिळ्याला असायची. हे मी त्याला एकदा दाखवून दिलं, तर म्हणाला की ते सल्ले कॉम्प्युटरसाठी आहेत, कपाटासाठी नाहीत.

आता माझ्याकडे वळते. दोन हजार नऊ सालच्या खरिपात मी आणि माझे यजमान किसनराव यांनी चार एकरांत बीटी कपाशी लावली. सगळ्या गावानेच लावली. तेव्हा दुसरं बियाणं मागितलं तर दुकानदार तुमच्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. त्या साली एका नव्या कंपनीचं पाकीट आलं होतं. पाकिटावर पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड, आणि खाली ठळक अक्षरांत, बोंडअळीची चिंता सोडा. आम्ही चिंता सोडली. दसऱ्याला बोंड फोडून बघितलं तर आत अळी आरामात बसलेली. जी बोंडं अळीच्या तावडीतून सुटली ती धड वाढलीच नाहीत. गावातल्या अकरा घरांत तेच पाकीट होतं आणि अकरा घरांत तीच गत. वच्छलाबाईने दोन एकर कोणाच्या तरी हातापाया पडून बटाईने केलं होतं, ती तर वावरात जायचीच बंद झाली. आम्ही अकरा जणांनी मिळून बुलढाण्याच्या ग्राहक मंचात बियाण्याची तक्रार केली. पहिलं नाव माझं घातलं, कारण माझा भाऊ कचेरीतला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, पुढे ती नडणार आहे. मोठ्या पाकिटाबरोबर एक लहान पुडी यायची. तिच्यात साधं बियाणं, बीटी नसलेलं. पत्रकात लिहिलेलं असायचं की वावराच्या चारी बाजूंनी या साध्या बियाण्याच्या पाच ओळी लावा. कशाला, तर अळीला तिथे खायला मिळावं आणि बीटी पचवायची तिला सवय लागू नये. म्हणजे आपल्याच धुऱ्यावर, बांधाला लागून, अळीसाठी पंगत मांडायची. गावात कोणीच मांडली नाही. दुकानदारानेच पाकीट देताना सांगितलं होतं की पुडी फेकून दिली तरी चालते. बहुतेकांनी फेकली. माझ्या हाताने बी फेकवत नाही. मी पुडी न फोडता काकडी-दोडक्याच्या बियांच्या डब्यात टाकून ठेवली.

भाऊ आमच्या तक्रारीत उतरला तो सदरासकट उतरला. वकील करायचा नाही, मी आहे, म्हणाला. दिवाळीच्या आधी डिजिटल कॅमेरा घेऊन आला आणि दोन दिवस अकरा वावरांत हिंडला. किसनरावांना कपाशीच्या पऱ्हाटीशेजारी उभं करून, त्यांच्या हातात फुटपट्टी देऊन, किडलेलं बोंड तळहातावर ठेवून त्याने फोटो काढले. दोनशे चौदा फोटो. काम चोख केलं, हे मी मान्यच करते. चिखलीत हबीबभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. हबीबभाई स्वतःहून म्हणाले की सगळ्या फोटोंच्या प्रती छापून देतो, एक संच माझ्याकडेही ठेवतो, बाईंचं काम आहे. भाऊने त्यांना सल्ला क्रमांक अकरा ऐकवला, आपली माहिती परक्याच्या यंत्रात जाऊ देऊ नये. उद्या कंपनीचा माणूस येऊन फोटो पळवून नेईल, असंही म्हणाला. हबीबभाई हसले. निम्म्या तालुक्याच्या नवरीबायांचे फोटो तीस वर्षांपासून माझ्याकडे आहेत आणि आजवर एक बाहेर गेला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. भाऊने ऐकलं नाही.

डिसेंबरात आम्ही पऱ्हाटी उपटली. उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीत गेल्या. आता आमच्या नुकसानीचा पुरावा जगात एकाच ठिकाणी उरला होता, भाऊच्या झालरीखाली. पीक खराब होतं असं कागदावर कोणीही लिहून देतं. फोटो नसला की कंपनी म्हणते, पीक तुमच्या आळसाने गेलं.

भाऊलाही हे कळत होतं. म्हणून त्याने फोटोंच्या तीन सीड्या केल्या. सगळे फोटो एका फाइलमध्ये बांधून त्या फाइलला पासवर्ड घालायचं ठरवलं. लेकराचं नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर हे चोराला आधी सुचतं, तेव्हा वेगळं काहीतरी हवं, असं तो आमच्या ओसरीवर बसून घोळवत होता. तेवढ्यात मी डब्यातून दोडक्याच्या बिया काढत होते आणि त्याला ती पुडी दिसली. पुडीच्या तळाशी बारीक अक्षरांत लॉट नंबर छापला होता.

"हा नंबर साऱ्या महाराष्ट्रात कोणी वाचत नाही," तो म्हणाला. "हाच घालतो."

ते खरंच होतं. मग त्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. तक्रारीत त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की तक्रारदारांनी पत्रकातील सर्व सूचनांचे पालन केले आहे. आणि ही न फोडलेली पुडी सांगत होती की केलेलं नाही. त्याने नंबर तीनदा पुटपुटून पाठ केला, कागदावर मात्र लिहू दिला नाही. पुडी मला चुलीत टाकायला सांगितली. मी हो म्हटलं आणि ती परत डब्यात टाकली.

राहिलं सीड्यांवर नाव घालायचं. 'कापसाचे फोटो' लिहिलं तर चोराला आयतंच सापडेल. म्हणून भाऊने तिन्ही सीड्यांवर लाल शाईने लिहिलं, 'भजने, खराब'. खराब माल चोर नेत नाही, हा त्याचा हिशेब होता. या युक्तीवर तो स्वतःच इतका खूश झाला की पुढच्या आठवड्यात ती त्याने सल्ला क्रमांक एकोणीस म्हणून छापून टाकली. मी म्हटलं, आता चोराला कळलंच की. तर म्हणाला, चोर साप्ताहिक वाचत नाहीत.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी त्याच्या पडद्यावर लाल चौकट उघडली. तुमच्या संगणकात तीनशे सदुसष्ट विषाणू आहेत, साफ करायचे तर इथे दाबा, असं इंग्रजीत लिहिलेलं. हे दुसऱ्या कोणाच्या घरी झालं असतं तर भाऊने त्यावर दोन महिने लिहिलं असतं, की बाबांनो, अशी चौकट हाच खरा विषाणू असतो. पण इथे त्याचा अपमान झाला होता. आपल्या झालरीत, आपल्या टॉवेलखाली तीनशे सदुसष्ट? त्याने दाबलं. अर्ध्या तासात कॉम्प्युटर अंगात आल्यासारखा करू लागला आणि दुपारपर्यंत गार पडला.

बुलढाण्याहून दुरुस्तीवाला आला. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, म्हणाला, बॅकअप आहे ना? या प्रश्नाची भाऊ दोन वर्षं वाट बघत होता. "तीन आहेत," त्याने सांगितलं. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसलं, चहा घेतला आणि गेला. मग भाऊने खिळ्यावरची किल्ली काढून कपाट उघडलं. कपाटात सीड्या नव्हत्या.

वहिनीने भाजी निवडत सांगितलं की संक्रांतीला कोकिळाताई आल्या होत्या, पाखरांसाठी जुन्या सीड्या मागत होत्या. कपाट झाडताना तीन खराब निघाल्या, त्या त्यांना देऊन टाकल्या. वर म्हणाली, त्यावर तुम्हीच तर खराब लिहिलं होतं.

आमच्याकडे ज्वारी दाण्यावर आली की पोपट थव्याने उतरतात. पूर्वी माळ्यावर गोफण घेऊन माणूस बसायचा. आता माणूस मिळत नाही, म्हणून दोऱ्या बांधून सीड्या टांगतात. वाऱ्याने फिरतात, उन्हात लकाकतात आणि पाखरू बिचकतं. हबीबभाईंकडे बिघडलेल्या सीड्या गोणीने निघतात, त्या ते फुकट देतात. आमच्या भागातली कितीतरी लग्नं अशी ज्वारीत टांगलेली असतात. विहिरीजवळच्या दीड एकरात माझीही ज्वारी उभी होती आणि तिच्यावर मी साठेक सीड्या लावल्या होत्या. वहिनीने दिलेल्या तीन गोणीतच मिसळल्या होत्या, कोणतीवर काय लिहिलंय ते मी बघितलंच नव्हतं.

भाऊचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज असा होता की मला वाटलं कोणीतरी गेलं.

"कोकिळा," तो म्हणाला, "भजनं कुठं टांगली तू?"

सगळं ऐकल्यावर मला त्याचा सल्ला क्रमांक सतरा आठवला. बॅकअप राहत्या घरी ठेवू नये, घराला आग लागली तर दोन्ही जातं, तो शक्यतो दुसऱ्या गावी असावा. त्याचा बॅकअप नऊ किलोमीटरवर, विहिरीच्या काठावर होता. एरवी मी हे त्याला ऐकवल्याशिवाय राहिले नसते. पण सुनावणी पंधरा दिवसांवर होती. वच्छलाबाई रोज सकाळी येऊन विचारायची की कोकिळे, फोटो आहेत ना गं नीट. तिला मी काय सांगणार होते?

भाऊ पहिल्या जीपने आला आणि बुटांसकट वावरात शिरला. लाल शाई पंधरा-वीस दिवसांच्या उन्हाने उडून गेली होती. साठही सीड्या सारख्याच दिसत होत्या, तेव्हा सगळ्याच उतरवणं भाग होतं. मी एक उतरवली की भाऊ म्हणायचा, कडेनं धर, बोटाचे ठसे लागतात. तिच्यावर पोपटांनी काय काय करून ठेवलं होतं ते त्याला दिसत नव्हतं. बाजूच्या कडुलिंबावर थवा बसून आमच्याकडे बघत होता. पहिली ओळ रिकामी झाली तशी त्यातली दहाबारा पाखरं खाली आली. दुसरी ओळ झाली तशी उरलेली आली. किसनराव पत्र्याचा डबा बडवत धुऱ्यावरून इकडून तिकडे पळत होते. भर दाण्यावर आलेली ज्वारी डोळ्यांसमोर फस्त होत होती आणि मी ओटीत लोकांची लग्नं गोळा करत होते. त्या दिवशी मला भावाचा खराखुरा राग आला, पण त्याचा चेहरा बघून मी पुढची सीडी कडेनंच धरली.

गोणी घेऊन आम्ही हबीबभाईंच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि एकेक सीडी पुसून लावायला लागले. वराती निघाल्या, बारशी निघाली, एका पुढाऱ्याचा सत्कार निघाला. पुसल्यावर जिच्यावर लाल शाईचा पुसट डाग दिसला ती आमची पहिली सीडी, ती मशीनने घरघर करून बाहेर टाकली. दुसरीवर चरे होते. तिसरी बोरीच्या सावलीत राहिली असावी, ती लागली. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. भाऊने डोळे मिटले, ओठ हलवले आणि टाइप केलं. फाइल उघडली. किसनराव फुटपट्टी घेऊन उभे होते. मला रडूच आलं, आणि हबीबभाईंनी मुद्दाम पाठ फिरवून पंखा लावला.

मग ते म्हणाले, की आता पासवर्ड काढून टाकू आणि फोटो छापून घेऊ. भाऊ तोवर सावरला होता. नाही, म्हणाला. छापील फोटो कंपनीचा वकील खोटे ठरवतो. फाइल साहेबांच्या डोळ्यांसमोर उघडायची, म्हणजे कोणी हात लावला नाही हे सिद्ध होतं. हबीबभाईंनी कुलपासकट तिच्या दोन प्रती काढून दिल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण मलाही वाटलं की कचेरीचं त्याला जास्त कळतं.

सुनावणीच्या दिवशी मी डब्यातली पुडी काढून पिशवीत टाकली. भावाच्या बुद्धीवर माझा विश्वास होता, आठवणीवर नव्हता. माझ्या राखीचा दिवस तो तीनदा विसरलेला आहे.

बुलढाण्याला पोचलो तर लाईट गेलेली. भारनियमनाची वेळ. साहेबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मुका होऊन बसला होता. साहेब म्हणाले, पुढची तारीख घेऊ. तेव्हा कंपनीचा वकील उठला. टाय लावलेला, बोलणं मऊ. माझा लॅपटॉप आहे, बॅटरीवर चालतो, त्यावर बघू, म्हणाला. त्याला वाटलं असावं की खेड्यातल्या लोकांच्या सीडीत काय निघणार आहे.

त्याने लॅपटॉप उघडला. मी शेजारीच उभी होते. बटणांच्या खाली उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. वकील चिठ्ठीकडे बघत बघत, एकेक बटण शोधत टाइप करू लागला आणि लॅपटॉप सुरू झाला. मला सल्ला क्रमांक दोन आठवला. हसू आलं ते पदरात दाबलं.

सीडी आत गेली. चौकट आली. भाऊ शर्टाच्या बाह्या सारख्या करत पुढे झाला, डोळे मिटले, टाइप केलं. चूक. पुन्हा केलं. पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी त्याचं बोट अर्ध्यात थांबलं, कारण त्याला आठवेना की आधी एक आहे की आधी सात. साहेबांनी घड्याळ बघितलं. उघडत नसेल तर फोटो दाखल नाहीत असं लिहून पुढे जाऊ, ते म्हणाले. वकिलाने बॅटरी संपत आल्याचं नम्रपणे सांगितलं. मागच्या बाकावर आमचे दहा जण बसले होते. वच्छलाबाई हात जोडून बसली होती, साहेबांना की त्या यंत्राला ते कळत नव्हतं.

मी पिशवीत तोंड घातलं. पुडी बाहेर न काढता, आतल्या आत, डोळे बारीक करून वाचायला सुरुवात केली.

"एन, बी, शून्य, नऊ," मी पिशवीतून म्हटलं. भाऊने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा रंगच उडाला. जाळलेली पुडी बोलत होती. पण बोटं चालू लागली.

"चार, चार, एक, सात, आर, दोन."

फाइल उघडली. किसनराव आले, बोंड आलं, अळी आली. साहेब पुढे वाकून बघू लागले. वच्छलाबाईचं वावर आलं तेव्हा ती बाकावरून उठून उभी राहिली. सगळं ठीक झालं होतं. आणि तेवढ्यात वकिलाने मऊ आवाजात विचारलं, की बाईंच्या पिशवीत काय आहे.

भाऊ खोकला. पुन्हा खोकला. त्याचा अर्थ मला कळत होता. काही नाही म्हण, बियांची पुडी आहे म्हण, दुसऱ्याची आहे म्हण. मलाही खोटं सुचत होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण ते खोटं भाऊच्या अक्षरात आधीच एकदा लिहिलेलं होतं आणि त्याच्याच भीतीने मी एवढा वेळ पिशवीत तोंड घालून बसले होते. त्याची मला एकदम शिसारी आली. मी पुडी काढून टेबलावर ठेवली.

वकिलाने ती उचलून उजेडात धरली. न फोडलेली आहे साहेब, म्हणाला. सर्व सूचना पाळल्या असं तक्रारीत लिहिलेलं आहे. साहेबांनी मला विचारलं, खरं काय ते सांगा.

"नाही पेरली साहेब," मी म्हटलं. "अकरातल्या कोणीच नाही पेरली. पत्रकात लिहिलं होतं, ते खरं आहे. पण पाच ओळी नाही लावल्या म्हणून पहिल्याच सालात चार एकर अळी खाते, असं पत्रकात कुठं लिहिलं? पाकिटावर तं लिहिलं होतं, चिंता सोडा."

वकील काही बोलणार होता. मला थांबता येईना.

"आन् वकीलसाहेब, तुमच्या या मशीनबरोबर बी पत्रक आलं असन. त्याच्यात लिहिलं असन, चिठ्ठी चिकटवू नका. मंग तुम्ही काऊन चिकटवून राह्यले? उद्या हे मशीन घरी नेल्यावर आपोआप जळलं, तं कंपनीनं तुम्हाले म्हणावं का, का मशीन चांगलंच होतं, तुम्हीच सूचना पाळली नाही?"

वकिलाचा तळहात आपोआप चिठ्ठीवर गेला. साहेबांनी मान लांब करून चिठ्ठी बघितली. मागे कोणीतरी हसलं, बहुतेक आमच्या दहांतले उकंडराव. भाऊ मात्र हसत नव्हता, तो माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याने मला पहिल्यांदाच बघितलं. मग साहेबांनी घसा साफ करून लिहिणाऱ्या बाबूला सांगितलं, लिहा, तक्रारदाराने मान्य केले की सोबतची पुडी पेरलेली नाही. बाबूने लिहिलं. त्याने भोळेपणाने विचारलं, आणि चिठ्ठीचं काय लिहू? साहेब म्हणाले, ते राहू द्या.

निकाल चैत्रात लागला. फोटो ग्राह्य धरले, बियाणं सदोष ठरवलं, आणि सूचना पाळल्या नाहीत म्हणून भरपाई अर्धी कापली. वच्छलाबाई म्हणाली, अर्धी तं अर्धी, आणि माझ्या तोंडात साखर घालून गेली. ज्वारीच्या भरपाईचं मी कोणाला विचारलं नाही. भाऊने सल्ला क्रमांक तेवीस छापला, पासवर्ड अशा ठिकाणी ठेवावा की गरजेच्या वेळी हाताशी येईल, आणि त्यात एका जागरूक शेतकरी भगिनीचं उदाहरण दिलं. नाव नाही घातलं, सुरक्षेच्या कारणास्तव. पुडी फायलीत जमा झाली, ती परत मिळाली नाही.

सुनावणीच्या नोंदीची नक्कल मी मागून घेतली आणि बुलढाण्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दोन पानं आहेत. वकिलाचं सगळं बोलणं त्यात आहे. माझं उत्तर आहे, एका ओळीत. माझा प्रश्न नाही. म्हणून तो मी इथे लिहून ठेवला.